देवमासा, पिल्लासकट

घटस्फोटाच्या कागदावर सही केली त्या दिवशी मी दोन गोष्टी सोडल्या. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणं आणि त्याच्या पैशाला हात लावणं. पहिली चुटकीसरशी सुटली. दुसरीही सुटली, असं मी बरीच वर्षं समजत होते.

मी एका कॅसिनोच्या हॉटेलात लॉन्ड्रीची प्रमुख आहे. वर झुंबरं, मऊ गालिचे, पत्ते वाटणाऱ्या हसऱ्या पोरी. खाली तळघरात आम्ही. दिवसभर वाफ, मशीनची घरघर आणि ट्रॉल्यांतून येणारे चादरींचे ढीग. पाहुण्यांच्या मजल्यावर पाऊल टाकायची आम्हाला परवानगी नाही आणि हौसही नाही. त्यांचे कपडे खाली येतात तेवढं पुरे. कोण रात्रभर अंथरुणाला पाठ टेकू शकलं नाही, कोण उशीत तोंड खुपसून रडलं, कोणाच्या खोलीत कोण राहून गेलं, ते आम्हाला सगळं कळतं आणि आम्ही ते साबणाच्या पाण्यात सोडून देतो.

तीन वर्षांपूर्वी असाच एक बाथरोब आला. खिशात चावून चपट्या केलेल्या आगकाड्या होत्या. आगकाड्या चावणारी माणसं जगात पुष्कळ असतील. चावून झाल्यावर त्या मधोमध मोडून पुन्हा खिशात जपून ठेवणारा येडपट मला एकच माहीत होता. लग्नाची सगळी वर्षं मी त्या काड्या त्याच्या शर्टांतून वेचल्या होत्या.

राग आला का? मी भडकले. आम्हाला सोडून गेला तेव्हा ह्याच्याकडे पोराला वह्या घ्यायला पैसे नव्हते. मग खडीच्या धंद्यात नशीब फळफळलं आणि ते नशीब हा इथे आणून ओतत होता. आमच्या घरात अशा माणसाला साधा शब्द होता, उधळ्या. माझी सासूच म्हणायची, पोटच्या पोराबद्दल. मैत्रीण म्हणाली, नोकरी सोड, कशाला रोज जीव जाळतेस? का सोडू? मी आधी आले, तो मागून आला. त्याला तर मी इथे आहे हे माहीतही नव्हतं.

मुलाला मी काही बोलले नाही. बाप धंद्यात मोठा झालाय, लांब राहतो, कधीमधी फोन करतो, एवढंच त्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मला एकच हवं होतं. पोरगा ह्या इमारतीत कधी येऊ नये. बापाची ही खोड रक्तातून उतरते की नाही, मला माहीत नाही. मला ते तपासून बघायचं नव्हतं. कॅसिनोत शिरायला वय एकवीस लागतं, म्हणून इतकी वर्षं मी निर्धास्त होते.

तो एकवीसचा झाला त्याच दिवशी मस्का खाली आला.

मस्का म्हणजे मोठ्या खेळाडूंची सरबराई करणारा आमचा माणूस. कोणाला कुठली खोली आवडते, कोणाच्या बायकोचा वाढदिवस कधी, कोणाला चहा किती कडक लागतो, सगळं ह्याला तोंडपाठ. लोकांना मस्का लावून लावून त्याचं तेच नाव पडलं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. स्वभावाने वाईट नाही. पण खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

“ताई, एक तातडीचं काम आहे,” तो म्हणाला. “दुपारपर्यंत दोन बाथरोब भरून द्या. एक मोठ्या मापाचा, पाठीवर देवमासा. दुसरा मध्यम, त्याच्यावर छोटा देवमासा. पिल्लू समजा.”

“पाठीवर काय?”

“देवमासा हो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे आपले साहेब, त्यांना पाहिजे.”

वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणजे आगकाड्या. मी इस्त्रीवाल्याला हाताने थांबवलं. मला वाटलं, हा थट्टा करतोय. देवमासा कोणाला म्हणतात हे आमच्याकडे भांडी विसळणाऱ्यालाही माहीत असतं. हात सैल सोडून खेळणारा, हरला तरी हसून बक्षीस देणारा, ज्याच्या एका बैठकीत कॅसिनोचा महिना निघतो, तो देवमासा. किरकोळ खेळणारे ते नुसते मासे. पण हा शब्द पाठीमागे बोलायचा. तोंडावर साहेब म्हणायचं.

“त्यांना हा शब्द कळला कसा?”

मस्क्याने कपाळावर हात मारला. “नव्या पोरीने घोळ घातला. फोनवर केवढ्याने तरी म्हणाली, देवमासा आला, मोठं टेबल रिकामं करा. आणि साहेब तिच्या मागेच उभे! मी लगेच पुढे झालो. म्हटलं, साहेब, समुद्रातला सगळ्यात मोठा जीव तो, हा मान आमच्याकडे फार थोड्यांना मिळतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तर काय सांगू ताई, माणूस खूश! म्हणाले, मग नुसतं बोलता काय, पाठीवर भरून द्या.”

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, म्हणतात ते हेच. मला हसू आलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मी भरतकामाच्या मशीनवरच्या बाईला हाक मारली आणि म्हटलं, चांगला मोठा काढ, गलेलठ्ठ, डोळा बारीक ठेव.

“पण हा शब्द मुळात आला कुठून?” मी मस्क्याला विचारलं. तो असा निवांत बोलायला रोज मिळत नाही.

“नक्की कोणालाच माहीत नाही. मी कामाला लागलो तेव्हाचे साहेब सांगायचे, आधी मान फाशांचा होता. मोठी पैज लावून फासे टाकणारा तो मोठा माणूस. देवमासा नंतर आला म्हणे. मला पटतं ते असं.” तो ट्रॉलीच्या कडेवर टेकला. “जुन्या काळी बंदरातली माणसं होड्या घेऊन, भाले घेऊन देवमाशाच्या मागे जायची. महिने महिने. लहान मासे पकडून पोट भरतं हो, पण देवमासा एक जरी मिळाला तरी अख्ख्या बंदराची ददात मिटायची. त्याच्या चरबीचं तेल दिव्यात. हाडं ह्याला, कातडं त्याला. वाया काही जायचं नाही. आपलंही तसंच. हजार किरकोळ येऊन जे होत नाही ते एक साहेब येऊन होतं.” मग तो छान हसला. “तुमचा-माझा पगार, ताई, कोणाच्या चरबीतून निघतो असं वाटतं तुम्हाला?”

हातातली गरम चादर मी खाली ठेवली. ज्या पैशाला मी हात लावत नव्हते, त्याच पैशावर तीन वर्षं माझी चूल पेटत होती. पोराची फी त्यातूनच गेली होती. इतका साधा हिशोब मला मस्क्याकडून समजून घ्यावा लागला आणि मला त्याचा संताप आला, माझाही आला.

“बरं, आणि ते पिल्लू कोण?” मी रागारागातच विचारलं.

“साहेबांचा मुलगा. आज एकवीस पूर्ण झाली. आज पहिल्यांदा आत येतोय.”

सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिताना पोरगा म्हणाला होता, आई, आज मित्रांबरोबर जेवायला जातोय, उशीर होईल. नवा शर्ट घातला होता. मी वर त्याला म्हटलं होतं, मजा कर.

मस्क्याला वाटलं मी ऐकतेय. लॉन्ड्रीतल्या बाईसमोर काय बोलावं आणि काय बोलू नये ह्याचा विचार कोणी करत नाही. “कल्पना माझीच,” तो म्हणाला. “साहेब हल्ली टेबलावरून लवकर उठायला लागलेत. थोडं खेळतात, आणि जाऊन झोपतात.” हे मलाही दिसलं होतं. महिनाभर त्याच्या चादरी नीट चुरगळलेल्या येत होत्या, झोपलेल्या माणसाच्या. “वरून विचारणा झाली मला. मग म्हटलं, मुलगा शेजारी बसवू. आमचा अनुभव आहे, ताई. मुलगा शेजारी असला की बाप उठत नाही. हरत असला तर लाजेने उठत नाही, जिंकत असला तर दाखवायचं असतं म्हणून उठत नाही. आणि मुलालाही चव लागते. पुढच्या वीस वर्षांची सोय.”

तो गेला. मी मुलाला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग दोन ओळी आल्या, ‘जेवतोय गं, नंतर करतो.’ माझ्या पोराला खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तेही इतकं सफाईने, बापासारखं.

मशीनवाली मोठा देवमासा संपवून मध्यम मापाचा बाथरोब चौकटीत ताणायला लागली. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

“हा करायचा नाही,” म्हटलं.

“पण ते म्हणाले...”

“ते म्हणोत. हा होणार नाही.”

मोठा बाथरोब हातावर घेतला आणि मागच्या जिन्याने वर निघाले. लिफ्टने गेले असते तर कोणीतरी हटकलं असतं. जिना चढताना मी मनात भांडण जुळवत होते. त्याला काय म्हणायचं, पोराला काय म्हणायचं, सगळं तोंडाशी आणून ठेवलं होतं. दम लागला तसा राग वाढतच गेला.

दार त्यानेच उघडलं. केस पांढरे, पोट सुटलेलं, तोंडात आगकाडी.

“तू?” काडी खाली पडली. “तू इथे कशी?”

“लॉन्ड्री,” मी म्हटलं. “तुझा बाथरोब आणलाय.”

आत सोफ्यावर माझा मुलगा होता. अंगात नवा कोट, बापाने दिलेला असणार, कारण बाहीची चिठ्ठी अजून लटकत होती. मला बघून तो ताडकन उभा राहिला. चहाच्या ट्रेजवळ मस्का होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि हातातला चमचा परत ट्रेमध्ये ठेवला.

“आई,” मुलगा म्हणाला, “मी तुला सांगणार होतो.”

“जेवण झालं का मित्रांबरोबर?”

त्याने मान खाली घातली. तो एवढंसं तोंड करून उभा राहिला की पूर्वी माझा राग जायचा. आज गेला नाही.

बापाने तोवर बाथरोब उलगडून खिडकीच्या उजेडात धरला. सोडलेली बायको पुढ्यात उभी, पोरगा पुढ्यात उभा, आणि हा भरतकाम बघतोय! “वा! काय उतरलाय!” म्हणाला. “हे काय आहे ठाऊक आहे का तुला? हा मान आहे. इथे कोणालाही असं म्हणत नाहीत.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं. “देवमासा. भाला मारून काठाला ओढतात आणि चरबी काढून दिवे लावतात, तो. ह्यानेच सांगितलं मला, अगदी पोट भरून. विचार.”

तो हसला. “जळतेस अजून. बारा गावचं पाणी प्यालोय मी, मला कोण ओढतंय?”

“पोराला का बोलावलंस?”

“माझा मुलगा आहे. वाढदिवस आहे त्याचा. माझ्या मनात आलं, बोलावलं.”

“तुझ्या मनात आलं?” मी मस्क्याकडे वळले. “सांग रे, कोणाच्या मनात आलं?”

“ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय...” मस्क्याच्या कपाळावर घाम आला होता.

“बाबा,” मुलगा हळूच म्हणाला, “फोन तर ह्यांचा आला होता. तुम्ही बोलावलंय म्हणाले.”

“मीच सांगितलं असेल त्याला.”

“पण मी येणार हे तुम्हाला आज सकाळी कळलं. मघाशी तुम्हीच म्हणालात.”

मग मी बोलले. जिन्यात जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जे तोंडात आलं ते बोलले. “तू हल्ली लवकर उठतोस. माणसासारखा झोपतोस. ह्यांना ते परवडत नाही, म्हणून पोराला आणून तुझ्या शेजारी बसवायचं ठरवलंय. पोरगा शेजारी असला की बाप उठत नाही, हा ह्यांचा अनुभव आहे. तुझा मुलगा आज पाहुणा नाहीये, आमिष आहे. आणि तू त्याला कोट घालून तयार ठेवलास!”

त्याचा चेहरा लाल झाला. कानापर्यंत. मी ओळखत होते तो चेहरा, खरा संताप आला की असा व्हायचा. मला वाटलं, आता मस्क्याची गचांडी धरणार. माझ्या पोराला मध्ये आणलंस म्हणून दोन मुस्कटात देणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल बरं वाटायला लागलं होतं.

“मला आमिष लागतं?” तो मस्क्यावर ओरडला. “मला? मी भिऊन उठतो असं वाटतं तुम्हाला? दमलोय मी? अरे, एवढा माझा मान, पाठीवर भरून देता, आणि मला बसवायला पोरगा आणावा लागतो?”

“साहेब, तसं नाही, साहेब...”

“तसं नाही तर कसं? चल खाली. सगळ्यात मोठं टेबल उघड. आज दाखवतो कोण लवकर उठतं ते.”

बाथरोब त्याने सोफ्यावर फेकला आणि पायात चपला सरकवल्या. मुलगा दोन पावलं पुढे झाला. “बाबा, मी? मी येऊ?”

“तू बस रे. आलोच मी. आलोच.”

तो गेला. मागोमाग मस्का. दार ओढताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग असता तर मी समजू शकले असते. त्यात आभार होते. जे काम तो महिनाभर गोड बोलून करू शकला नव्हता ते मी उभ्या उभ्या करून दिलं होतं. हे मला लागलं. अजून लागतं.

मी ट्रेमधला चहा ओतून पोराला दिला. त्याने घेतला नाही. तो दाराकडे बघत बसला होता, आणि बाहेर लिफ्टची घंटा वाजली की पाठ ताठ करत होता. लिफ्ट बऱ्याचदा आली. चहावर साय धरली. शेवटी तो उठला.

“मी त्यांना घेऊन येतो.”

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

“आई, बाजूला हो. मी खेळणार नाहीये. नुसतं त्यांना वर घेऊन येतो.”

“खाली नुसतं बघायला गेलेलीच सगळी तिथे बसलेली आहेत.”

“बाजूला हो ना!”

“त्याने तुला आलोच म्हटलं ना?” माझा आवाज चढला. “आपल्या घरातून गेला तेव्हाही आलोच म्हणाला होता. तू दाराशी दप्तर घेऊन बसला होतास, तुला शाळेत सोडायला तोच जायचा. मी सोडलं तुला त्या दिवशी. तिथून पुढे मीच सोडलं. बाहेरून ऐश्वर्य दिसतं म्हणून भुललास? आत पोकळ आहे तो माणूस! जुगारी आहे!”

“मला माहीत आहे ते इथे खेळतात,” तो म्हणाला. “वर्ष झालं मला कळून.”

“मग आलास कशाला?” मी अक्षरशः किंचाळले. “माहीत असून आलास? कशाला आलास?”

तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. मला उचलून बाजूला ठेवू शकला असता. पण तो तिथेच जमिनीवर बसला, नवा कोट चुरगळत, आणि वर न बघता बोलला.

“मी खाली गेलो असतो ना आई, तर ते माझ्या शेजारी बसले असते. उठले नसते. आत्ता तूच म्हणालीस.”

मला राग शोधूनही सापडेना. तो माझ्याकडे नेहमी असतो, कुठल्याही वेळी, कोणासाठीही, आणि आता पोरासमोर उभी होते तर हात रिकामे होते. मी इतकी वर्षं त्याला पत्त्यांपासून वाचवत होते. त्याला पत्ते नकोच होते. त्याला एक खुर्ची हवी होती, बापाच्या शेजारची, आणि ती जगात फक्त त्या टेबलाशी मिळत होती.

मी दारातून बाजूला झाले. का झाले मला सांगता येणार नाही. आता अडवून काही राहील असं वाटेना. तो उठला, दार उघडलं, आणि बाहेर पाऊल टाकून थांबला. समोर लिफ्ट होती. तिचं बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. मी बघत राहिले, हाक मारली नाही.

त्याने कोट काढला आणि आत येऊन सोफ्यावर ठेवला.

“तू वर कुठून आलीस?” त्याने विचारलं.

“मागच्या जिन्याने.”

“मग तिकडूनच जाऊ,” तो म्हणाला.